समुद्रामागचा अंधार

सिप्पोरा पेणकर मुंबईहून लीड्सला आली आणि तिथल्या एका जुन्या प्रायमरी शाळेत शिकवू लागली. साल एकोणसत्तर. लहान मुलांना वर्णन लिहायला शिकवायचं तर आधी बघायला शिकवलं पाहिजे, हे तिचं ठाम मत. म्हणून दर शुक्रवारी ती वर्गाला भिंतीवरच्या मोठ्या चित्रासमोर बसवी. खवळलेला समुद्र आणि किनाऱ्याकडे निघालेली एक होडी. आधी दिसतं ते सांगायचं, मग ते कशासारखं दिसतं ते, आणि त्यानंतरच पेन्सिल हातात घ्यायची. कुणाला लाटा मळक्या गाद्यांसारख्या दिसत, कुणाला शीड आईच्या एप्रनसारखं.

उल्का मात्र वर्गात तोंड उघडत नसे. तिचे वडील तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, घरात मराठी. मिसना मराठी येतं हे कळल्यापासून ती जे काही बोले ते सिप्पोराच्या कानात.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ती कुजबुजली, "मिस, समुद्राच्या मागे अंधार आहे."

सिप्पोराला वाक्य इतकं आवडलं की तिने ते इंग्रजीत करून फळ्यावर लिहिलं. पुढच्या शुक्रवारी उल्का म्हणाली, "अंधार मोठी झाली."

"मोठा झाला," सिप्पोराने सुधारलं आणि ती कागद वाटायला वळली.

त्यानंतरच्या खेपेला पोर चित्रासमोर बसायलाच तयार होईना. सिप्पोराने समजावलं, जरा रागावूनही पाहिलं. शेवटी उल्काने तिला हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि फ्रेमच्या खालच्या कडेकडे बोट केलं. वर फ्रेम भिंतीला टेकलेली होती, खाली मात्र काळी फट. सिप्पोराचा आख्खा पंजा तिच्यात गेला. चित्र सरळच लोंबत होतं. कलली होती ती भिंत, वर्गाच्या बाजूला.

हेडमास्तर मिस्टर हॅलम येऊन गेले. त्यांनी भिंतीवर थाप मारली, हिने दोन महायुद्धं पचवलीत असं सांगितलं, कौन्सिलला ख्रिसमसच्या सुट्टीत कळवू म्हणाले. तोवर वर्ग इथेच भरेल.

सोमवारी सिप्पोराने मुलांना परस्पर हॉलमध्ये नेऊन बसवलं. हॅलमनी तिला ऑफिसात बोलावून नोकरीची आठवण करून दिली.

"मुलं तिथे बसणार नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "मला काढायचं तर काढा."

ते तिला काढणारही होते. पण बुधवारी, पाऊस लागलेला असताना, कुणीतरी तळघरात कोळसा ओतावा तसा आवाज झाला आणि हॉलच्या काचा थरथरल्या. सिप्पोराने वर्गाचं दार उघडलं तर समोर आभाळ. छोट्या खुर्च्यांवर विटांचा ढीग.

अंगणात हॅलमनी हजेरीचा कागद तिच्या हातातून घेतला आणि एकेका मुलाचं नाव स्वतः पुकारलं. मध्येच त्यांनी कागद तिच्याकडे परत दिला. उरलेली नावं सिप्पोराने घेतली. सगळी मुलं होती. उल्का तिचा स्कर्ट घट्ट धरून उभी होती.

दुपारी कौन्सिलचा माणूस भिंतींचा कल मोजायचा ओळंबा घेऊन आला. शाळेखालची टेकडी आतून जुन्या कोळसाखाणींनी पोखरलेली आहे, एवढं सांगून तो आत गेला. धोका असेल त्या वर्गाच्या दारावर तो खडूने फुली मारणार होता. पलीकडच्या वर्गांत त्या वेळीही मुलं बसलेली होती. तो बाहेर आला, हात झटकले, आणि हॅलमना शाळा ताबडतोब रिकामी करायला सांगितली. एकही दार त्याने सोडलं नव्हतं.