शहाडची लेक

विनिताचा आवाज म्हणजे देणगी होती. मानपाड्याच्या नाक्यावर ती घोषणा द्यायला उभी राहिली की माइक बंद पडला तरी कुणाला कळायचं नाही, असं महिला आघाडीतल्या बायका चेष्टेनं म्हणायच्या. नवरा केमिकल कंपनीत शिफ्टला आणि ही दिवसभर पक्षाच्या कामात. पक्षाचे नेते सहदेवदादा कुठलीही निवडणूक जिंकून आले की त्यांना ओवाळायचा पहिला मान विनिताचा. त्यासाठी आघाडीनं घेतलेलं पितळेचं ताट तिच्याच घरी असायचं. ताटातली सोन्याची अंगठी मात्र तिची स्वतःची, लग्नातली.

गेल्या वर्षी विरोधी पक्षाच्या कल्याणातल्या एका पुढाऱ्यावर शहाडच्या एका मुलीनं तक्रार केली. त्यानं अंगाला हात लावला, म्हणाली. मग काय, विनिताला जोर चढला. तिनं बायका गोळा केल्या, बांगड्यांची पुडकी घेतली आणि त्या पुढाऱ्याच्या ऑफिसवर मोर्चा नेला. घोषणाही तिनंच बांधलेली, "शहाडची लेक, आमची लेक!" बांगड्या दारावर फुटल्या, टीव्हीवर दिसल्या. त्याला जामीन मिळाला तेव्हा त्याच्याच पक्षाच्या बायकांनी त्याला ओवाळलं. विनिता कॅमेऱ्यासमोर कडाडली, "ताट धरताना ह्यांचे हात थरथरले नाहीत?" तेव्हा तिचा राग खरा होता. फक्त ती मुलगी राहते कुठे, दिसते कशी, हे तिनं कधी विचारलं नाही. मोर्च्याला तेवढं लागत नाही.

आणि या वर्षी तिची स्वतःची लेक योगिनी, जिला विनितानंच शब्द टाकून दादांच्या जनसंपर्क कार्यालयात कामाला लावलं होतं, ती एका दुपारी घरी आली आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसली. दोन दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा पहिलं नाव दादांचंच निघालं. पण आई होती ती. त्याच संध्याकाळी मुलीला घेऊन पोलिसांत गेली.

तिला वाटलं होतं, आघाडी धावून येईल. आली नाही. आघाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र मेसेज यायला लागले. "टायमिंग बघा, इलेक्शनच्या तोंडावरच कसं?" "टाळी एका हातानं वाजत नाही." "दादांना गोवलंय." गेल्या वर्षी त्या दुसऱ्या पक्षानं हेच लिहिलेलं, अगदी शब्दाला शब्द. विनिता ग्रुपची ॲडमिन, तिला काढता येईना, म्हणून बाकीच्यांनी नवा ग्रुप केला आणि जुना मुका झाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तिनं भाषणांत कितीदा तरी वापरली होती. आता ती घरात येऊन बसली.

मग विरोधी पक्षाच्या प्रियांकाताई आल्या, सोबत दहा बायका आणि दोन कॅमेरे. जिन्यातूनच घोषणा सुरू झाली, "मानपाड्याची लेक, आमची लेक!" आवाज ऐकून योगिनीनं आतून कडी लावली.

"ताई, मुलीला फक्त गॅलरीत उभी करा. चेहरा ब्लर करू ना आम्ही," प्रियांकाताई म्हणाल्या.

"तुमच्या त्या पुढाऱ्याला औक्षण कोणी केलेलं हो?" विनितानं विचारलं.

"तो विषय वेगळा आहे, ताई."

विनितानं दार लावून घेतलं. दाराला पाठ टेकून ती खूप रडली. त्या बाईच्या जागी तिला ती स्वतःच दिसत होती.

न्यायाधीशांपुढे योगिनीचा जबाब सोमवारी होता. शनिवारी दादांना अटकपूर्व जामीन मिळाल्याची बातमी आली. नाक्यावर फटाक्यांच्या माळा लागल्या. तेव्हाच हौसाबाई आली. मानपाड्याची जुनी बाई, आघाडीत विनिताच्या खांद्याला खांदा लावून पोस्टर चिकटवलेली. आत न येता उंबऱ्यातच घुटमळली.

"ताट देतेस का गो? पार्टीचा हाय."

विनिता बघतच राहिली. "तुम्ही ओवाळणार?"

"मना ठावं हाय, तुजी पोर खोटी नाय." म्हातारीचे डोळे भरले. "पन नातवाला दादांनीच कामाला लावलाय. काय करू?"

विनितानं भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मोरीत जाऊन तिनं ताट घासलं, कडेचं जुनं कुंकू निघेपर्यंत घासलं. अंगठी काढून घेतली. ताट हौसाबाईच्या हातात दिलं. हौसाबाईचे हात थरथरत होते, तरी ती ताट घेऊन गेली.

योगिनी आतल्या खोलीच्या दारातून सगळं बघत होती. "आई, मी केस मागे घेते," ती म्हणाली. "एक तरी बाई आली असती ना, नुसती मला भेटायला, तर सोमवारी गेले असते मी."

विनिता हातातली अंगठी फिरवत राहिली. आयुष्यभर मोठ्यानं बोलून झालं होतं, आणि आता मुलीला सांगण्यासारखं एक वाक्य सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. विनितानं साखळी लावूनच दार उघडलं. बाहेर पंचविशीची एक मुलगी, हातात स्टीलचा डबा.

"योगिनी इथेच राहते ना? मी कल्पिता. तुम्ही नाही ओळखणार मला." ती जरा थांबली. "मी शहाडची."

विनिताला साखळी काढायला वेळ लागला. जिच्या नावानं घसा फोडला, ती ही. उंचीनं लहानखुरी, केसांना साधी क्लिप.

"केस कुठवर आली गं तुझी?" ती कसंबसं म्हणाली.

"मागे घेतली ना, काकी. तुमच्या मोर्च्यानंतर महिन्याभरातच."

 या पोरीच्या न्यायासाठी परवापरवापर्यंत विनिता भाषणं ठोकत होती.

आतून योगिनी बाहेर आली. "का मागे घेतलीस?"

"मोर्चे दोन्ही बाजूंनी आले. घरी कोणी आलं नाही." कल्पितानं डबा पुढे केला. "म्हणून म्हटलं, आपण जाऊन येऊ. वालाचं बिरडं आहे, आवडतं का तुला?"

दोघी आत गेल्या. दुपारपर्यंत बोलणं हळू आवाजात चाललं होतं. मध्येच योगिनीचं रडणं ऐकू आलं. त्या दिवसापासून ती पहिल्यांदाच रडत होती. विनिता स्वयंपाकघरात उभी राहिली, आत गेली नाही. कल्पिता निघताना विनितानं तिचे दोन्ही हात धरले. "मला माफ कर गं बाळा."

"माफी नको, काकी. उद्या मी येतेय कोर्टात. तुम्ही फक्त घोषणा देऊ नका. बाजूला बसा आमच्या."

सोमवारी कल्याणच्या कोर्टात तिघी एका बाकावर बसल्या. फाटकाबाहेर दोन्ही पक्षांच्या बायका समोरासमोर उभ्या होत्या. एकीकडून "मानपाड्याची लेक, आमची लेक!" आणि दुसरीकडून "दादा तुम आगे बढो!" दुसऱ्या घोळक्यात सगळ्यांत मागे हौसाबाई होती, पदर तोंडावर ओढून. विनिताच्या घशात शब्द आले, सवयच ती. तिनं ते गिळले.

शिपायानं योगिनीला आत बोलावलं. ती उठली, एकदा दोघींकडे बघितलं आणि एकटी आत गेली. दार बंद झालं.

बाकावर दोघीच राहिल्या. कल्पिता बंद दाराकडे बघत होती. त्या दाराच्या आत जायचं तिचं राहूनच गेलं होतं, ते आता कायमचंच. विनिता तिच्याजवळ सरकली. वर्षभरापूर्वी शहाडला जाऊन जे विचारायला हवं होतं, ते तिनं आता, अगदी हळू आवाजात विचारलं.

"सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

कल्पितानं मान हलवली. नाही म्हणाली आणि विनिताच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली.