तयार मजकूर

उर्मिलाने टेबलावरची पानं दोरीने बांधली आणि गाठ पुन्हा सोडली. सिंगापूरमधल्या बेडोकच्या या फ्लॅटमध्ये बसून बाबांनी नऊ वर्षं एडविन थॉर्नचं चरित्र लिहिलं होतं. थॉर्न शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रज खासदार, दोन वर्तमानपत्रांचा मालक. त्या वर्तमानपत्रांचे जुने अंक पोस्टडॉक करणारा तन्मय विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शोधून द्यायचा. बाबा इथेच गेले त्याला तीन आठवडे झाले होते आणि तन्मय पानं टाइप करायला न्यायला आला होता.

“काका मला म्हणायचे, तुझ्या लॅबमधले उंदीरसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त वाचत असतील,” तन्मय म्हणाला.

ती हसायला गेली. जमलं नाही.

“बाबा तुझ्याशी पुण्याबद्दल बोलायचे का रे कधी?”

“नाही ताई. का?”

“दर दिवाळीला मी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. तिथला फ्लॅट विकला तेव्हाही काही बोलले नाहीत. मला वाटलं, इथे रमलेत.”

“रमलेच होते की! खालच्या कॉफीवाल्या अंकलशी साखरेवरून रोज भांडण.”

तिने पटकन मान हलवली. जणू एवढंच ऐकायला तिने त्याला बोलावलं होतं.

तन्मय दहावं प्रकरण चाळू लागला.

“हे भारी आहे. थॉर्नने स्वतःचा मृत्युलेख जिवंतपणीच छापखान्यात जुळवून ठेवला होता. दर जानेवारीत स्वतः दुरुस्त करायचा. काकांना ती पद्धत फार आवडली. त्यांनी तर…”

त्याने प्रकरण खाली ठेवलं.

“काय?”

“स्वतःचाही लिहिला. टाइप कर म्हणाले. मी म्हटलं, असलं काही मी करणार नाही. बॅगेतच राहिला.”

त्याने बॅगेतून घडीचा कागद काढून तिला दिला. बाबांचं ठाशीव अक्षर, खाली या जानेवारीतली सही. नाव, तीस वर्षं शिकवलेला इतिहास, एक मुलगी. वय आणि तारीख यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या. बाकी वाक्य पूर्ण होतं : पुणे येथे राहत्या घरी निधन झाले.

उर्मिलाने ते दोनदा वाचलं. मग पेन उघडून वय भरलं. तारीख भरली.

तन्मय बाजूला उभा राहून बघत होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “पुणे खोडायचं राहिलं.”

तिने पेनाला टोपण लावलं.

“तसंच टाइप कर.”