क्रमांक तीन हजार

वर्षभरात कोणी काय दिवे लावले, ते विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात दर डिसेंबरात वाचून दाखवतात. यंदा यादीत पहिलं नाव डॉ. एउलालिया सेली यांचं होतं. सारागुरोच्या डोंगरात त्यांना कवठी चाफ्याच्या कुळातलं नवं झाड सापडलं होतं, इक्वेडोरमध्ये आजवर कोणीच न नोंदलेलं. वाळवलेलं फूल दाराशी काचपेटीत ठेवलं होतं. खाली चिठ्ठी: संकलक ए. सेली, क्रमांक ३०००. जगात जो कोणी या झाडावर लिहील, तो हेच नाव आणि हाच आकडा देणार.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी बाई पाय मुरगळून जीपमध्ये बसल्या होत्या. झाड हेरलं आणि वर चढून फूल काढलं ते वाटाड्या सेगुंदो गुआमान यांनी. पण बाईंच्या वहीतला तो तीन हजारावा नमुना. त्यापुढे दुसऱ्याचं नाव घालायला त्यांचा हात धजावला नाही. नंतर दुरुस्त करू म्हणता म्हणता निबंध छापूनही आला.

आणि विभागप्रमुख बुर्नेओंनी हौसेनं सेगुंदोंनाच सभेला बोलावलं होतं. काळा पोंचो घालून ते मुलीसोबत पहिल्या रांगेत, बाईंच्या शेजारीच बसले.

"सांगा ताइता," थोरामोठ्यांना मारायची ती हाक मारत बुर्नेओंनी माइक पुढे केला, "आमच्या बाई एवढ्या उंच चढल्या कशा? इथे तर दुसऱ्या मजल्याला लिफ्ट लागते त्यांना!"

सगळे खिदळले. सेगुंदोंनी बाईंकडे पाहिलं. सांगून टाका, असं बाईंना वाटलं. सांगू नका, असंही वाटलं.

"मी आपला खाली दोर धरून होतो," सेगुंदो म्हणाले. "बाई गेल्या की सरसर वर! मीच घाबरलो. म्हटलं, उतरा हो, घरी पोरंबाळं आहेत तुमची!"

टाळ्या पडल्या. सेगुंदो बाईंकडे झुकून हळूच म्हणाले, "पेटीतली चिठ्ठी पोरीनं वाचून दाखवली मला. म्हटलं, तुमच्या माणसांत तुमची मान खाली जायला नको. बरोबर बोललो ना, डॉक्टरबाई?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात माइक त्यांच्या हातात आला. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं.

"ज्यांनी ज्यांनी मदत केली," त्या म्हणाल्या, "त्या सगळ्यांचे आभार."

पहिली टाळी सेगुंदोंनी वाजवली. मुलगी बाईंकडे बघत नुसतीच बसली होती. त्यांनी तिला कोपरानं ढोसलं, "वाजव की गं!"

तिनं हात उचलले नाहीत.