चक्कीमागच्या खोलीतला डबा

मी एक जुना पिठाचा डबा आहे, मित्रांनो. पण माझ्यात पीठ शेवटचे पडले त्याला आता सहा वर्षे होतील. त्यानंतर माझ्यात जे ठेवले गेले, त्याचीच ही हकिकत आहे.

जन्माने मी पंधरा किलो तेलाचा डबा. तेल संपल्यावर नांदुऱ्याच्या एका कारागिराने माझे तोंड कापले, कडा ठोकून बोथट केल्या, बिजागरीचे झाकण आणि वर कडी बसवली. वडनेर भोलजीच्या तानाबाईंनी मला विकत घेतले. चक्कीवर रांगेत ठेवलेले डबे सारखेच दिसतात, म्हणून आमच्या गावात प्रत्येक घर आपल्या डब्यावर ऑइलपेंटने खूण काढते. कोणाची मासोळी, कोणाचा पतंग, कोणाच्या नुसत्या दोन रेघा. माझ्या पोटावर तांबडे कणीस आहे.

तानाबाई गावात आरोग्याचे काम करत. नांदुऱ्यात प्रतिमाताईंची एक संस्था आहे. मन आजारी पडलेल्या माणसांशी तिथे बोलतात, गरज असेल तर डॉक्टर औषध देतात. या संस्थेने दर बुधवारी वडनेरला बसायचे ठरवले. पहिले तीन बुधवार ग्रामपंचायतीच्या खोलीत गेले. एकही माणूस आला नाही.

"रस्त्यावरून सगळं दिसते, ताई. कोन येईन?" तानाबाई म्हणाल्या. "चक्कीमागची खोली घ्या. दळण घेऊन आलेल्या बाईले कोनी पुसत नाही, काऊन आली म्हणून."

चौथ्या बुधवारी पाच जण आले. पाचांच्याही हातात डबे होते.

नाव सांगायला कोणी तयार नव्हते. मग तानाबाईंनी प्रत्येकासाठी एक कार्ड केले. त्यावर नावाऐवजी त्याच्या डब्याची खूण आणि खाली येण्याच्या तारखा. ही कार्डे ठेवण्यासाठी त्यांनी मला धुऊन, उन्हात वाळवून दिले. पाच वर्षे मी ते काम केले. डॉक्टर म्हणत, "या डब्याइतकी नीट नोंद जिल्ह्याच्या गावी मिळत नाही." मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे संस्थेत संगणक आला. सचिव भालचंद्रकाका हे निवृत्त हेडक्लार्क, कामाला पक्के. त्यांनी मला नांदुऱ्याला नेले आणि महिनाभर बसून प्रत्येक तारीख टाईप केली. मग मला कपाटावर ठेवले. माझ्यावर जुनी कॅलेंडरे आली, त्यांवर बंद पडलेला पंखा. नवी कार्डे तानाबाई प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवू लागल्या.

यंदा संस्थेपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. अनुदान मिळाले नाही तर बुधवारची खोली बंद करावी लागणार होती. पुण्याच्या एका निधीने अर्ज मागवले होते. मुदतीला तीन दिवस उरले असताना तानाबाई सहीसाठी नांदुऱ्याला आल्या. अर्जात प्रश्न नेमका माझ्याच पाच वर्षांचा होता : या काळात किती व्यक्तींना सेवा दिली? भालचंद्रकाकांचे उत्तर होते, एक हजार एकशे शेहेचाळीस.

"साहेब, एवढे मानसं माह्याकडं कवा आले?"

"संगणकात आहेत. मी स्वतः टाईप केलेत."

"मंग संगनकालेच इचारा. मासोळीवाली अकरा डाव आली. त्या अकरा बाया होत्या का एक?"

प्रतिमाताईंनी अर्जाचा पुढचा प्रश्न वाचला : त्यांपैकी किती जण पुन्हा आले? तिथे काकांनी 'शून्य' लिहिले होते. नावाचा रकाना रिकामा असल्यामुळे त्यांनी प्रत्येक भेटीला नवा क्रमांक दिला होता. त्यांच्या यादीत कोणीच दुसऱ्यांदा आले नव्हते.

"डबा काढा," ताई म्हणाल्या.

पंखा उतरला, कॅलेंडरे उतरली. सतरंजीवर माझी कार्डे मांडली गेली. दोनशे चौदा.

"दोनशे नऊच धरायची," काका म्हणाले. "पाच खुणा दोनदा आल्यात. एक खूण, एक माणूस."

"नाही साहेब. हे खुणेखाली ठिपका दिसते ना, तो दुसरा मानूस. सासूले मालूम नाही सून येते. सुनेले मालूम नाही सासू येते. डबा तं एकच हाय."

काका मोठ्याने हसले. पण लगेच गंभीर झाले. "बाकीच्या संस्था दहा-दहा हजार लिहितात, ताई. दोनशे चौदा वाचून कोण देईल?"

"दोनशे चौदामधले तिनाहून जास्त वेळा किती आले ते मोजा," ताई म्हणाल्या. एकशे अठ्ठावन्न निघाले. ताईंनी अर्जात लिहिले : सेवा घेतलेले दोनशे चौदा, त्यांपैकी तिनाहून जास्त वेळा आलेले एकशे अठ्ठावन्न. नावांची यादी मागितली होती तिथे लिहिले : नावे देता येणार नाहीत, कार्डे पाहता येतील.

दोन आठवड्यांनी निधीच्या अधिकारी सुवर्णा मॅडम बुधवारी वडनेरला आल्या. ताईंनी आणि काकांनी मला सोबत नेले होते. समोर चक्कीवर डबे रांगेत उभे होते, त्यांत मासोळीही होती.

"कार्डं इथेच बघू," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे डब्यांच्या खुणांशी जुळवता येतील."

तानाबाईंनी माझ्या झाकणावर हात ठेवला. काका त्यांना 'दाखवा' असे डोळ्यांनी खुणावू लागले. तानाबाईंनी तिकडे पाहिले नाही.

"इथं नाही, मॅडम. खूण जुळली का मानूस उघडा पडते."

"मग अर्ज तपासायचा कसा?"

"कार्डं नांदुऱ्याले मोजा. इथं बसा, पन डब्याइकडं पाठ करून."

मॅडमनी खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. दोन तास त्या तशाच बसल्या. मागून सहा जण आले आणि गेले. संध्याकाळी नांदुऱ्यात त्यांनी माझी कार्डे स्वतः मोजली. दोनशे चौदाच भरली.

अनुदान तीन वर्षांसाठी मंजूर झाले. संगणकातली यादी भालचंद्रकाकांनी पुन्हा पहिल्यापासून टाईप केली, या वेळी ठिपक्यांसकट.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू अडगळीत टाकण्याआधी आत काय आहे ते पाहत जा. आणि कोणी आपल्या मनाचे दुखणे तुम्हाला सांगितले, तर ते विसरू नका आणि चारचौघांत उघडूही नका. त्याला पुढच्या बुधवारी पुन्हा यायचे असते.