बाबारावांची कॉन्टेसा आणि रविवारचे मिस्त्री

मी कॉन्टेसा बोलतेय. उठून उभे राहा असं म्हणत नाही, पण निदान हातातला मोबाइल खाली ठेवा. एकेकाळी मी रस्त्याने निघाले की माणसं सायकलवरून उतरून बघायची. आता नंदनवन नावाच्या वस्तीतल्या एका घराच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, भडक लाल रंग फासून आणि अंगावर दोन काळे पट्टे ओढून उभी आहे. हे पट्टे माझे नव्हेत. ते कुणाच्या डोक्यातून आले ते पुढे सांगते.

माझा जन्म बंगालमधल्या कारखान्यातला. लांबलचक बॉनेट, समोर चार दिवे, मागे तीन धडधाकट माणसं ऐसपैस बसतील अशी सीट आणि दुधाच्या सायीसारखा रंग. ब्याण्णव साली बाबाराव मला घेऊन आले. ते संत्र्याचे व्यापारी. शोरूममधल्या माणसाने त्यांना विचारलं, "शेठ, ड्रायव्हर ठेवणार ना?" तर म्हणाले, "काहून? मले हात नाहीत का?"

बाबाराव मला आवडायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मी कुणाचं चांगलं बोलेन याची खात्री नाही. डिक्कीत संत्र्याच्या पेट्या भरल्या तरी खाली गोणपाट अंथरल्याशिवाय पेटी ठेवायचे नाहीत. मिस्त्रीला हात लावू द्यायचे नाहीत. दर रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी बॉनेट उघडायचे आणि माझं काय हवं-नको ते स्वतः बघायचे. चोवीस वर्षांत मीही त्यांना एकदाही रस्त्यात सोडलं नाही. हा माझा अभिमान आहे, आणि तो मी मिरवणारच.

त्यांची बायको कुसुम. ही बाई कायम मागे बसायची, मांडीवर पिशवी घट्ट धरून. चिखलदऱ्याच्या घाटात माझ्या नव्याकोऱ्या सीटकव्हरवर ओकली ती हीच. रविवारी बाबाराव बॉनेटमध्ये डोकं घालून बसले की ही शेजारी टॉर्च धरून उभी. "इकडे दाखव. अवं, तिकडे नाही, इकडे." चोवीस वर्षं ती तशी उभी राहिली आणि चोवीस वर्षं मी तिला दिव्याचा खांब समजत होते.

मग बाबारावांना लकवा झाला. त्यांचा उजवा हात गेला आणि माझं चालणं गेलं. आधी टायर बसले, मग बॅटरी मेली, मग मांजरीने मागच्या सीटवर तीन पिल्लं घातली. आणि ही बाई उन्हाळा लागला की माझ्या टपावर धोतर अंथरून कुरडया वाळत घालायची. माझ्या टपावर! मी बाजारात गेले की लोक वाट द्यायचे, आणि आता माझ्यावरून कावळे हाकलावे लागत होते.

त्यांचे दोन मुलगे. थोरला हर्षित रामदासपेठेत राहतो, विम्याच्या कचेरीत साहेब आहे. धाकटा विक्की शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमध्ये राहतो आणि कॉम्प्युटरवर काम करतो. बाप आजारी पडला तेव्हा हर्षित म्हणाला, इथेच उपचार करू. विक्की म्हणाला, मुंबईला नेऊ. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं एकमेकांना जे बोलले, ते परत घेण्याची अक्कल सहा वर्षांत एकालाही आली नाही. आईला भेटायला यायचे, पण आधी फोन करून विचारायचे. "दादा नाही ना वं तिथं?" "विक्की येऊन गेला का?" एका गावात राहून एका अंगणात येताना असं वेळापत्रक पाळणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

बाबाराव गेले. तेरवीच्या दिवशी पंगत उठली आणि हात धुवायला दोघंही शेडजवळच्या नळावर आले. एकच नळ, त्यामुळे थांबणं भाग होतं. विक्कीने माझ्या बॉनेटवरची धूळ ओल्या हाताने पुसली आणि म्हणाला, "दादा, बाबाची गाडी चालू करू का गा?"

हर्षित बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री नाही आणायचा. बाबानं कधी हात लावू देला नाही कोणाले. आपणच करू."

झालं. तिथून माझी विटंबना सुरू झाली.

दर रविवारी सकाळी नऊला दोघं हजर. हर्षितला पाना कोणत्या बाजूला फिरवायचा हे विचारावं लागे आणि विक्कीला ते सांगायला व्हिडिओ लावावा लागे. त्याने पाहिलेले सगळे व्हिडिओ अमेरिकेतल्या गाड्यांचे. तिथली तगडी, गुरगुरणारी मसल कार बघून त्याने ठरवून टाकलं की मीही तीच. "दादा, आपली मसल कार आहे मसल कार!" अरे, मी घरंदाज गाडी आहे. मी रामटेकला नारळ फोडायला गेलेली आहे. पण ऐकतो कोण? सायीचा रंग खरवडून लाल फासला, त्यावर हे काळे पट्टे. विक्कीची बायको रीना त्या सगळ्याचे व्हिडिओ काढायची आणि दर वेळी "आई, थोडं बाजूला व्हा ना," म्हणून सासूला चौकटीबाहेर करायची.

आणि कुसुमबाई? ती तर्री-पोह्याच्या थाळ्या आणायची. एक माझ्या बॉनेटवर ठेवायची, अजून पक्का न वाळलेल्या रंगावर. "पोहे थंडे होऊन राहिले ना गा, खाऊन घ्या आधी." मग दोघं तिथेच उभ्याने खायचे, तर्री सांडायचे, भांडायचे, हसायचे. माझ्या उजव्या दिव्याखाली तेलाचा डाग अजून आहे.

असं वर्षभर चाललं. मला मान्य करावं लागेल की काही गोष्टी त्यांनी नीट केल्या. टाकी साफ केली, वायरी बदलल्या, कार्ब्युरेटर तीनदा उघडून दोनदा बरोबर बसवला. कागदपत्रं हर्षितने खेटे घालून पुन्हा चालू करून आणली. आणि एका रविवारी विक्कीने सेल्फ मारला तेव्हा मी खोकले, दोन गचके दिले आणि क्षणभर धडधडले. अंगणात नाच झाला.

"पुढच्या रविवारी पक्की चालू होते," विक्की म्हणाला. "मग मी मिहानले नेतो. आमच्या सोसायटीत झाकलेलं पार्किंग आहे."

"ने ना," हर्षित म्हणाला. "मलेही रविवारचा आराम भेटल."

कुसुमबाई रिकाम्या थाळ्या घेऊन तिथेच उभी होती. थाळ्या धुवायला गेली.

पुढच्या शनिवारी भर दुपारी ती शेडमध्ये आली. हातात टॉर्च. मला वाटलं, मांजर शोधतेय. तिने बॉनेट उघडलं, दांडी लावली, आणि जराही न चाचपडता दोन्ही क्लिपा सोडवून डिस्ट्रिब्युटरचं झाकण वर केलं. आतून रोटर उचलला, पदराच्या टोकात बांधला, झाकण होतं तसं बसवलं आणि गेली.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. तो फिरतो म्हणून प्रत्येक प्लगला करंट पोचतो. तो नसेल तर माझ्यात कितीही पेट्रोल ओता, मी नुसती घशात गुरगुर करणार. बाबाराव मला स्टेशनबाहेर दिवसभर उभी करायचे तेव्हा चोराच्या भीतीने रोटर काढून बायकोच्या हातात द्यायचे. "ठेव तुह्या पर्समध्ये." हे मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती.

मला भयंकर संताप आला. म्हातारी, आणि चोरटी! इतकी वर्षं माझ्यावर जळत होती, आता सूड उगवतेय, असं मी म्हटलं. याहून हलकी शिवीही दिली असेल.

त्या रविवारी मी चालू झाले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार महिने नाही. दोघांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरी बदलली, पेट्रोलचा पंप बदलला. एकदा तर तेच झाकण उघडून आत डोकावलेही. पण आत काय असायला हवं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला काय नाही ते कसं दिसणार? विक्की म्हणाला, "इथं सगळं ठीक दिसून राहिलं." मी टायरपर्यंत लाजले.

पोहे मात्र येत राहिले. शनिवारी संध्याकाळी ती बाई पोह्यांवरचा रस्सा कसा करायचा ते ठरवायची, रविवारी सकाळपासून फाटकाकडे बघत राहायची.

असाच एक रविवार. दोघं माझ्या पोटाखाली पाठीवर पडलेले, हातात एकेक पाना. वर मी, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. कशावरून कोण जाणे, हर्षित म्हणाला, "तू म्हणत होता तसं मुंबईले नेलं असतं, तर बाबाचा हात वाचला असता का रे?"

विक्कीने हातातला पाना बाजूला ठेवला.

"नाही दादा," विक्की म्हणाला. "डॉक्टर बोलले होते मले नंतर. तेवढा प्रवास झेपलाच नसता म्हणे. तू बरोबर होता. मी तुले सांगतलंच नाही."

"सहा वर्षं?"

"तोंड नाही झालं गा."

हर्षित रडायला लागला. पन्नाशीला आलेला माणूस, विम्याचा साहेब, अंगावर ग्रीस, आणि माझ्या सायलेन्सरखाली हुंदके देतोय. विक्कीने त्याच्या छातीवर हात ठेवला. नळाशी कुसुमताई भांडी घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि ऐकू येईल तेवढं सगळं ऐकलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या शनिवारी दुपारी त्यांनी माझ्याकडून नेमकं काय चोरून नेलं होतं, आणि मी त्यांना काय काय म्हणाले होते तेही आठवलं.

पण मुलगे ते मुलगेच. मन मोकळं झालं तसा गाडीतला रस संपला. दिवाळीआधीच्या रविवारी हर्षितने कपाळावरचा घाम पुसत जाहीर केलं, "बस झालं बा. हे काही चालू होत नाही. मी भंगारवाल्याले सांगून ठेवलं, शनिवारी येऊन राहिला तो. बाबाची आठवण म्हणून दिवे काढून ठेवू."

"चारही?" विक्कीने विचारलं. एवढंच. दुसरा शब्द नाही! चार महिन्यांपूर्वीची ती मसल कार कुठे गेली, हे मला विचारायचं होतं.

कुसुमताईंच्या हातात थाळ्या होत्या. त्या माझ्या बॉनेटवर न ठेवता त्यांनी प्रथमच खाली जमिनीवर ठेवल्या. घरात गेल्या आणि बाबारावांच्या चष्म्याची जुनी डबी घेऊन आल्या. डबीतून रोटर काढला. बॉनेट उघडलं, झाकण काढलं, रोटर बसवला, क्लिपा लावल्या. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल.

"मार सेल्फ," त्या विक्कीला म्हणाल्या.

मी पहिल्याच झटक्याला चालू झाले. असा आवाज काढला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. कुणीही नाचलं नाही.

"आई," हर्षित म्हणाला, "हे तुह्याजवळ होतं?"

"तुह्या बापानं देलं होतं ठेवाले."

"चार महिने आम्ही इथं मरून राहिलो आणि तू..."

"हो," कुसुमताई म्हणाल्या. "गाडी चालू झाली का तुमचं येणं बंद. मग मी रविवारी कोणाची वाट पाहू? रोज तुमच्या बापाच्या रिकाम्या खाटेकडे पाहत बसू का?"

विक्की पुढे आला. "आई, आम्ही येऊच ना वं. गाडी असो का नसो."

"नाही येत तुमी. मले माहीत आहे." त्यांनी डोळे पदराने पुसले आणि तोच पदर कमरेला खोचला. "गाडी कुठंही जाणार नाही. इथंच राहील. मले चालवाले शिकवा. दर रविवारी."

रीनाच्या हातातला मोबाइल खाली आला. "आई, तुम्ही चालवणार?"

"काहून? तुह्या सासऱ्याले काय चार हात होते?"

तर आता माझं असं चाललं आहे. रविवारी सकाळी घरामागच्या मोकळ्या मैदानात माझ्या स्टिअरिंगवर एकोणसत्तर वर्षांच्या कुसुमताई. पाठीमागे उशी. शेजारी एक मुलगा, मागे दुसरा, आणि दोघंही एकाच वेळी दोन उलट सूचना देतात. "क्लच सोड!" "नको सोडू!" दोघांचंही मी ऐकत नाही, आणि त्याही ऐकत नाहीत. लाल रंग, काळे पट्टे, तासाला दहा किलोमीटर. मैदानात क्रिकेट खेळणारे थांबून हसतात. हसू देत.

खरं सांगायचं तर त्यांना गाडी कधीच आली आहे. चोवीस वर्षं टॉर्च धरणारी बाई बघत होती, आणि आम्हाला कुणाला ते दिसलं नाही. गेल्या रविवारी त्यांनी तिसऱ्या गीअरमध्ये मैदानाची पूर्ण फेरी मारली, एकही गचका न देता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हर्षित म्हणाला, "झालं आई! आली तुले गाडी. आता काही शिकवाचं उरलं नाही."

कुसुमताईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मला ते जाणवलं.

आणि मी बंद पडले. ज्या मी बाबारावांना चोवीस वर्षांत एकदाही रस्त्यात सोडलं नाही, ती मी भर मैदानात, उन्हात, पोरांच्या हसण्यात गप्प उभी राहिले. विक्कीने बॉनेट उघडलं, हर्षितने नुसतं डोकं खाजवलं. "अजून दोन-तीन महिने तरी लागते दादा," विक्की म्हणाला. कुसुमताईंनी डॅशबोर्डवर हळूच हात ठेवला आणि काढलाच नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. तुमच्या ओळखीत एखादा चांगला मिस्त्री असेल, तर त्याला नंदनवनातला हा पत्ता देऊ नका.