पाहून झालेली मंडई

आमचे हे, म्हणजे केशोराव, रोज सकाळी चहा घेता घेता फोनवर अंगठा घासत म्हणतात, "सुशिला, काहीच नवीन नाई येऊन राहिलं." मग तोच अंगठा दुपारपर्यंत घासतात. नवीन नाही तर ठेवा ना खाली. पण नाही. लवकर येणारं हलकं धान कापून झालं, उशिराचं भारी धान अजून बांधीत उभं, हाताला काम नाही आणि या माणसाला कंटाळा आलेला. कंटाळा काय तो मला विचारा. तेहतीस वर्षं एकच तोंड पाहते आहे, कधी वर सरकवलं नाही.

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दरवर्षी तोच पाळणा, तीच जिलेबी, दंडारीच्या खेळात तेच नाचे. तरी कोणी कंटाळत नाही, कारण त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात. आमच्याकडे देवरीहून माझी नणंद धुरपता येते. भाऊबीजेला हेच तिच्याकडे जाऊन येतात, त्यामुळे तिचं माहेरी येणं म्हणजे मंडईचा हा एक दिवस. मंडईत ती घटकाभर फिरते आणि उरलेला दिवस माझ्याजवळ चुलीपाशी बसते. सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि यांच्याबद्दल जे कुठेच बोलता येत नाही, ते मी तिच्याजवळ बोलते. वर्षभर साठवून ठेवते.

यंदा मी सकाळीच वड्यांसाठी उडदाची डाळ वाटली. यांना मात्र काहीतरी नवीन सुचलं. दुकानं लागत होती तेव्हाच मंडईत गेले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एकामागून एक व्हिडिओ टाकत सुटले. घरी आले ते छाती फुगवून.

"बावीस टाकले. सगळ्यायनं अंगठे देल्ले. धुरपतानं तं हात जोडले."

"तिले कायले पाठवले जी? ते तं येऊनच राहिली ना?"

"येईपर्यंत पाहत राहील म्हटलं."

एकची बस गेली. तीनची गेली. वडे गार झाले. शेवटी मीच यांना फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

"भाऊ, लय मस्त मंडई पाह्यली," धुरपता म्हणाली.

"तू निघाली का नाई?"

"लुगडं नेसून बसली होती मी. पोरगा म्हणे, माय, मामानं सारी मंडई पाठवली, आता कायले बसमंदी धक्के खातेस."

यांचा चेहरा उतरला. मी फोन हिसकावून घेतला. "बाई, उद्या या. मंडई जाऊ द्या चुलीत."

"उद्या काय सांगून निघू, वयनी? मंडई म्हटलं का कोणी अडवत नोयतं. नुसतं वयनीले भेटाले चालली म्हटलं, तं घरचे हासतीन."

तिकडून कोणीतरी चहा मागितला आणि तिने फोन ठेवला.

हे उठले, चप्पल शोधू लागले. "मी जाऊन घेऊन येऊ का तिले?"

"आन् तिच्या पोराले काय सांगसाल?"

हे चप्पल हातात घेऊन उभे राहिले. बावीस व्हिडिओ सुचलेल्या माणसाला एक कारण सुचेना. मला इतका राग आला की रडू आलं.