नामदेवची हाळी

मुरब्याच्या पंचायतीत बॅटरीवरचा रेडिओ आला, त्याच वर्षी मुंबई केंद्राची माणसं किनाऱ्यावर येऊन होडी ओढण्याची गाणी ध्वनिमुद्रित करून घेऊन गेली. हाळी देत होता येसूबाईचा नामदेव. एकानं हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी ओ देत दोर ओढायचा, ही रीत. दिलेली हाळी कुणी रिकामी जाऊ देत नाही.

दिवाळीनंतर नामदेव समुद्रात गेला तो परतलाच नाही. रिकामी होडी तेवढी सापडली. ती पाण्याच्या कडेलाच पडून राहिली, कारण येसूबाई कुणाला हात लावू देईना. "माझा पोर येल, तोच वर घेईल," म्हणायची.

एका संध्याकाळी पंचायतीसमोर गाव जमलं असताना रेडिओतून नामदेवचाच आवाज आला. समोर येसूबाई बसलेली पाहून दामू तांडेल तो बंद करायला धावला.

"हात नाय लावायचा!" येसूबाई कडाडली.

हाळी आली. समोर बसलेले गडी नकळत ओ देऊन गेले. दुसरी आली, पुन्हा ओ दिली. तिसरी यायच्या आत गाण्याची वेळ संपली आणि निवेदिका बाजारभाव सांगू लागली.

गडी मान खाली घालून बसले. येसूबाई उठली.

"बसलाय काय असे? होडी अर्ध्यावर सोडतात काय कोनी?"

सगळे तिच्यामागून किनाऱ्यावर गेले. गड्यांनी नामदेवच्या होडीचा दोर हातात घेतला, पण तोंड कुणाचंच उघडेना.

मग तिसरी हाळी येसूबाईनं दिली.